डॉक्टर, हे ‘एपी एम १’ काय असतं?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, यावल तालुक्यात माझं कांद्याचं बियाणं असतं. डोंगळे फुलले की दरवर्षी शेतात मधमाश्यांच्या सहा पेट्या ठेवतो. माशी चावणं नवं नाही. हात सुजतो, दोन दिवसांत उतरतो. यंदा फेब्रुवारीत मानेवर एकच माशी चावली आणि दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, बांधावरच अंधारी आली. दीड महिन्याने रक्त तपासलं, तर ‘एपी एम १’ पॉझिटिव्ह. हे काय असतं? आमचे मामा म्हणतात, माशीचं विष गुडघ्याला गुणकारी; थोडं थोडं घेत जा, अंगाला सवय होईल. घ्यावं का?

उत्तर : भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. घेऊ नका. मामांना माझा नमस्कार सांगा, पण घेऊ नका.

‘एपी एम १’ म्हणजे माशीच्या विषातलं फॉस्फोलायपेज ए-२ हे एन्झाइम. ‘एपी’ आणि ‘एम’ ही एपिस मेलिफेरा या पेटीतल्या माशीच्या शास्त्रीय नावातली अक्षरं. वाळवलेल्या विषात हे एन्झाइम दहा-बारा टक्के भरतं. निम्मं विष मेलिटिन नावाचं असतं. खरी आग त्याची. मेलिटिन पेशीचं आवरण खिळखिळं करतं आणि मग एन्झाइमचं काम सोपं होतं. हे आवरण ज्या कणांचं बनलेलं असतं, त्या प्रत्येकाला एक डोकं आणि स्निग्धाम्लाचे दोन पाय. हे एन्झाइम नेमका दुसरा पाय कापतं, पहिल्याला हात लावत नाही. कापलेला पाय बऱ्याचदा अॅराकिडोनिक आम्ल असतो. त्यापासून सूज आणि ठणका आणणारी द्रव्यं तयार होतात. आपण ब्रुफेन घेतो ते याच साखळीची पुढची कडी अडवायला.

इथवर सगळ्यांचं सारखंच. दरवर्षी तुमचा हात सुजायचा तो असाच. यंदाचं प्रकरण वेगळं. आधीच्या एखाद्या डंखानंतर तुमच्या शरीराने या एन्झाइमविरुद्ध आयजीई जातीची, म्हणजे अॅलर्जी घडवणारी, प्रतिपिंडं बनवली आणि ती मास्ट पेशींवर जाऊन बसली. रिपोर्टमधलं ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे हेच. या वेळी विष आलं आणि त्या पेशींनी आत साठवलेलं हिस्टामिन हे रसायन एकदम मोकळं केलं. रक्तवाहिन्या सैलावल्या, दाब कोसळला, म्हणून अंधारी. या प्रकाराला अॅनाफायलॅक्सिस म्हणतात. शार्ल रिशे यांनी 1902 मध्ये ते नाव दिलं आणि 1913 मध्ये त्यांना याच कामासाठी नोबेल मिळालं. तेव्हा सूज किती आली हे मोजत बसू नका. डंख मानेवर आणि गांधी पायांवर, ही खूण धोक्याची.

आता मामांची सवय. वर्षाला दोनशेच्या वर डंख खाणारे मधपाळ बहुधा निभावतात, हे खरं. हंगामात पाच-दहा डंख खाणारा तुमच्यासारखा माणूसच जास्त अडकतो. सवय लावता येते, पण ती अॅलर्जीतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. शुद्ध विष अगदी सूक्ष्म मात्रेपासून वाढवत 100 मायक्रोग्रॅमपर्यंत नेतात आणि तीन ते पाच वर्षं चालू ठेवतात. एका माशीच्या डंखात साधारण 50 ते 140 मायक्रोग्रॅम विष असतं. मामांच्या हिशोबात ‘थोडं’ म्हणजे एक माशी, आणि तुमच्यासाठी ती पूर्ण मात्रा आहे! गुडघ्याचं म्हणाल तर गंमत अशी की संधिवाताने सुजलेल्या सांध्याच्या पाण्यात याच घराण्यातलं आपलं स्वतःचं एन्झाइम वाढलेलं सापडतं. माशीच्या एन्झाइमने दाह शमतो असे काही प्रयोग उंदरांवर झालेत. तुम्ही उंदीर नाही, आणि तुम्हाला आयजीई आहे.

माझी एक चूक सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याशी नवखा डॉक्टर होतो. केळफूल तोडणारा एक मजूर आला, आवाज बसलेला, अंग लाल. मी स्टेरॉइड दिलं, अॅलर्जीची सुई दिली आणि पडलेला दाब सावरणाऱ्या अॅड्रेनालिनची अँप्यूल हातात धरून उभा राहिलो. छाती धडधडेल, ही भीती. नर्सबाई म्हणाल्या, “साहेब, नाडी लागत नाही.” तेव्हा मांडीच्या बाहेरच्या बाजूला अर्धा मिली टोचलं. थोड्या वेळाने तो “मना गळा मोकळा व्हयना” (माझा गळा मोकळा झाला) म्हणत उठायला लागला. आम्ही त्याला दाबून निजवला, पाय उशीवर ठेवले. दाब पडलेला माणूस एकदम उभा केला तर तिथेच जातो. त्या वेळी पहिली सुई अॅड्रेनालिनची हवी होती.

तर भाऊ, काटा दिसला की नखाने, चिमट्याने, कशानेही लगेच काढा. विषाची पिशवी काट्यासोबत राहते आणि पहिल्या वीसेक सेकंदांत बहुतेक विष आत ढकलते. चुना शोधत बसू नका. चावल्यावर पिकल्या केळीसारखा वास आला होता का, आठवून बघा. आपल्याकडे केळीचा माल हिरवाच उतरतो, मग बांधावर तो वास कुठून येणार? माशीच्या धोक्याच्या इशाऱ्यातलं मुख्य द्रव्य आयसोअमाइल अॅसिटेट, आणि पिकल्या केळीचा वासही त्याचाच. त्या वासावर बाकीच्या माश्या येतात. तिथून आधी बाजूला व्हा.

यंदा पेट्या उघडायला मुलाला पाठवा. तज्ज्ञाकडे जाताना रिपोर्टसोबत, ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेत असाल तर त्यांचं पाकीटही न्या. त्यात अॅटेनोलॉलसारखी गोळी असेल तर अॅड्रेनालिन नीट लागू पडत नाही. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.