आठशेची सुरी आणि ठिबकची नळी

(हत्यारांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे नाना अमळनेरला चाळीसहून जास्त वर्षं कातडीकाम करत आहेत.)

प्रश्न : नाना, रामराम. मी शहादा तालुक्यातला. दोन वर्षांपासून घोड्यांच्या सामानाची दुरुस्ती करतो : लगाम, म्होरकी, रिकिबीचे पट्टे. सारंगखेड्याच्या यात्रेत बरं काम मिळतं. आजपर्यंत सगळं पेपर कटरनं कापलं, पण म्हशीच्या ४ मिलिमीटर कातड्यात त्याचं पातं वाकतं आणि रेघ सुटते. व्हिडिओत परदेशी कारागीर अर्ध्या चंद्रासारख्या गोल सुरीनं लोणी कापल्यासारखं कापतात. ती सुरी दहा हजारांच्या वर जाते. आपल्याकडची तशीच दिसणारी आठशेला मिळते. घेऊ का? आणि गोल पात्याला धार लावायची कशी? घरात दगड आहे, पण त्यावर मी फक्त विळा घासलाय.

उत्तर : भाऊ, रामराम. आठशेची घ्या. फक्त ती आली त्याच दिवशी कातड्याला लावू नका. स्वस्त सुरी म्हणजे सुरीच्या आकाराचं पोलाद असतं. धार तुम्हालाच आणावी लागते आणि पहिल्या वेळी त्यात एक अख्खी दुपार जाते. दहा हजारातला मोठा हिस्सा त्या दुपारीचाच असतो.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रापी, म्हणजे चांभाराची साधी सुरी, होती. गोल सुरी मी पहिल्यांदा हातात घेतली ती वयाच्या तिशीत, एका जुन्या खोगीरवाल्याकडे. हत्यार मात्र फार जुनं. इजिप्तमध्ये थीब्जला रेखमिरे नावाच्या वजिराचं थडगं आहे, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. त्याच्या भिंतींवरच्या चित्रांत चर्मकार असल्याच अर्धगोल पात्यानं कातडं कापताना दिसतात. पुढे इंग्लंडातल्या वॉलसॉलच्या खोगीरवाल्यांनी आणि अमेरिकेत १८२६ पासून हत्यारं करणाऱ्या ऑसबॉर्न कंपनीनं हाच आकार चालवला. आकार टिकला याला कारण आहे. मूठ पात्याच्या बरोबर मध्यावर असल्यामुळे हाताचं वजन सरळ धारेवर उतरतं. धार गोल असल्यामुळे एका वेळी तिचा थोडाच भाग कातड्यात असतो, तोही तिरका सरकत. म्हणून जाड कातड्यात ती पुढे ढकलली तरी अडत नाही. वळणावर नुसतं टोक वापरायचं, पट्ट्याची कड तासायची तर पोट, म्हणजे कमानीचा मधला भाग. एकाच पात्यात तीन कामं होतात.

पण क्रोम रसायनात कमावलेल्या पातळ, मऊ कातड्यावर तिचा काही उपयोग नाही. ते पात्यापुढे गोळा होऊन चुण्या पडतात. दोन मिलिमीटरच्या आतल्या अस्तरासाठी पेपर कटर जपून ठेवा. गोल सुरी हिरड्या-बाभळीत कमावलेल्या ताठ कातड्यासाठी. लगाम आणि रिकिबीचे पट्टे त्याचेच असतात, म्हणून तुम्हाला घ्या म्हणतो. पाकिटं करणाऱ्यानं विचारलं असतं तर रापीच पुरे म्हटलं असतं.

आता निवड. टोकापासून टोकापर्यंत १० ते १२ सेंटिमीटर बघा. १५ची मोठी रुबाबदार दिसते, पण नवख्याच्या हातात तिचं दुसरं टोक कुठे फिरतंय त्याचा पत्ता लागत नाही. एका टोकावर नजर आणि दुसरं मनगटाकडे, असं होतं. पाठ दोन-अडीच मिलिमीटरहून जाड नको. स्वस्त सुऱ्यांचा हाच मोठा दोष असतो : पातं पाठीपासून काठापर्यंत जाडच राहतं आणि शेवटी उगाच एक उतार काढलेला असतो. असली सुरी कातडं कापत नाही, पाचर ठोकल्यासारखी फाकवते. पोलाद साधं कार्बनचं असलं तर उत्तम. गंजेल, पण दगडाला लवकर ऐकेल. स्टेनलेस वाईट नाही, फक्त त्याची बर (घासताना काठावर वळणारी पोलादाची बारीक लव) निघायला वेळ लागतो आणि नवा माणूस मध्येच कंटाळतो.

कानपूरच्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकन आहे आणि तिकडचं कातडीकामाचं हत्यार मी वापरलंय, चांगलं निघालं. पण गावाचं नाव सांगून विकलेलं सगळं त्या गावचं असतंच असं नाही. तेव्हा पार्सल उघडलं की परत करायची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी करा. सुरी काचेवर आडवी ठेवून पातं पिळलेलं आहे का बघा. मूठ धरून पातं हलवा. पितळी वसवीपाशी, म्हणजे मुठीच्या तोंडावरच्या कड्यापाशी, जरा जरी खुळखुळलं तर आपल्या मे महिन्यात ते निखळणार. इथल्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं. मग बारीक कानशीचा कोपरा काठाजवळ हलकेच ओढा. कानस घसरली तर पोलादाला पाणी नीट दिलेलं आहे, म्हणजे ते तापवून-बुडवून कडक केलेलं आहे. तुपात गेल्यासारखी रुतली तर सुरी परत पाठवा, कारण मऊ पोलादाची धार तुम्ही कितीही घासली तरी दुसऱ्या पट्ट्याला बसते.

धारेचं सांगण्याआधी माझा एक मूर्खपणा सांगतो. माझी पहिली सुरी मी सायकलवर सान घेऊन फिरणाऱ्याकडे दिली. दोष त्याचा नाही, तो विळ्या-कात्र्यांना धार लावतो. मीच घाईत म्हणालो, ‘होऊ द्या जोरात.’ ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत सुरी चकचकीत झाली आणि एका टोकाला सुंदर निळी झाक आली. मोराच्या पिसासारखी. ती झाक म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. पोलाद तापताना आधी पिवळसर होतं, तीनशे अंशांच्या आसपास निळं पडतं आणि तिथला कडकपणा गेलेला असतो. ते टोक पुढे कधी धार धरीना. शेवटी तीन मिलिमीटर पोलाद हातानं घासून काढलं तेव्हा खाली चांगलं लागलं. आठ दिवस गेले. तेव्हापासून गोल सुरीला ग्राइंडर दाखवायचा नाही. दाखवावाच लागला तर पातं उघड्या बोटांनी धरा आणि चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा.

तुमचा विळा घासायचा दगड बाजूला ठेवा. तो वर्षानुवर्षं मधोमध खचलेला असणार. जुन्या टीपॉयची जाड काच घ्या आणि हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर (पाण्यात घासायचा पॉलिश पेपर) आणा : २२०, ४००, ८००, १५००. आकडा मोठा तितका पेपर बारीक. शंभर-दीडशेत काम होतं. काचेवर पाण्याचे थेंब टाकून पेपर चिकटवा, पण काचेच्या अगदी कडेपर्यंत. सुरीची मूठ जाड असते, ती काचेवर टेकली की कोन बिघडतो. मूठ कडेबाहेर लोंबती राहिली पाहिजे.

कोन किती, हे सगळे विचारतात आणि कोणी मोजत नाही. मी पट्टीनं मोजतो. काठापासून पाठीपर्यंत पातं ५ सेंटिमीटर असेल तर पाठ काचेपासून १ सेंटिमीटर उचला. तो साधारण साडेअकरा अंशांचा कोन झाला. पातं ६ असेल तर १.२. म्हणजे पाचाला एक. दोन्ही बाजूंनी तेवढाच. स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षा हा कोन निमुळता आहे, पण हाडं थोडीच तोडायचीत?

काठाच्या दोन्ही बाजूंना मार्करनं काळं करा. आता २२०वर सुरी ठेवून मागे ओढा, म्हणजे सरकताना पाठ पुढे आणि काठ तिच्या मागून; उलटं ढकललंत तर पेपर फाटेल. ओढताना मनगट वळवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत या. परातीत भाकरी थापताना ती जशी तळव्याखाली फिरत राहते, तसं. एका दमात जमत नसेल तर डावं टोक, पोट, उजवं टोक असे तीन भाग करा. पाच-सहा ओढी झाल्या की थांबून काळा रंग बघा. रंग काठाशी उरलाय? पाठ जास्त खाली आहे, जराशी उचला. काठाशीच गेला आणि वर राहिला? जास्त उचललीत. मात्र नव्या स्वस्त सुरीवर पहिल्या अर्ध्या तासात रंग काठाशीच उरतो, कारण आधीचा उतार जाड असतो आणि तुम्हाला तो पूर्ण मोडून काढायचा आहे. इथे माणसं कोन वाढवून मोकळी होतात. ते करू नका. चहा घ्या, परत बसा.

कधी थांबायचं हे बर सांगते. भुसावळच्या वर्कशॉपवाल्यांकडून मी हा शब्द उचलला. काठ खरोखर एकमेकांना मिळाला की दुसऱ्या बाजूला पोलादाची बारीक लव वळते. अंगठा पाठीकडून काठाकडे, पात्याला आडवा ओढला की ती खरखरते. काठाच्या लांबीवरून अंगठा फिरवायचा नाही, हे लिहायची वेळ येऊ नये, पण माझ्या अंगठ्यावर खूण आहे म्हणून लिहितो. बर अख्ख्या कमानीवर लागली पाहिजे. टोकांना ती उशिरा येते, कारण तिथे हात आपोआप हलका पडतो आणि सगळा जोर पोटावर जातो. वर्षभर असं केलंत तर गोल सुरीचं पोट सपाट होतं. मग ती ना गोल ना सरळ. म्हणून मी टोकांना पोटापेक्षा दोन ओढी जास्त देतो.

एका बाजूची बर पुरी आली की दुसरी बाजू. तिचीही आली की ४००, मग ८००, मग १५००, प्रत्येक वेळी हात आधीपेक्षा हलका. शेवटी चामोटं : फळीवर ताठ कातड्याचा तुकडा खरखरीत बाजू वर करून चिकटवा, त्यावर पॉलिशची हिरवी वडी घासा. इथेही फक्त मागे ओढायचं, बाजू बदलत, वीस-पंचवीस वेळा. मग सुरी दिव्याखाली धरून काठ डोळ्यांकडे करा. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे अजून बोथट आहे. खऱ्या धारेवर प्रकाश थांबत नाही.

हातावरचे केस काढून धार दाखवणारे पुष्कळ आहेत. तुम्ही तुमच्या ४ मिलिमीटर पट्ट्याचा तुकडा घ्या, टोक बाहेर ठेवून पोट टेकवा आणि नुसत्या हाताच्या वजनानं पुढे लोटा. खांदा लावावा लागला तर परत ८००वर जा. आमचे वडील मला रापीवर वाकलेला बघून म्हणायचे, ‘धार शे ना, मंग जोर कसाले?’

एकदा एवढं झालं की पुढे रोज चामोटं पुरतं. दर पाच-सहा पट्ट्यांनंतर दहा ओढी. मी तर चामोटं मांडीशेजारीच ठेवतो. १५००चा पेपर महिन्या-दोन महिन्यांनी. २२० पुन्हा लागलाच तर सुरी पडली, असं समजा.

राहिलं ठेवणं. तिची दोन्ही टोकं उघडी असतात आणि हत्यारपेटीत हात घालणाऱ्याला ती दिसत नाहीत. पात्याला शिलाई मशीनचं तेल बोटानं लावून ठेवा. कातडी म्यानात मुक्काम करू द्यायचा नाही, सालीत कमावलेलं कातडं ओल धरतं आणि त्यातला कस पोलादाला डाग पाडतो. तुमच्याकडे केळी-पपईच्या शेतात ठिबक असेलच. १६ मिलिमीटरच्या जुन्या नळीचा वीतभर तुकडा लांबीनं चिरा आणि काठावर चढवा. कमानीवर ती जणू मापानं केल्यासारखी बसते.

प्रश्न : कापताना खाली काय ठेवावं? मी फरशीच्या तुकड्यावर कापते. — भुसावळच्या एक वाचक

उत्तर : ताई, तो तुकडा आजच उचला. फरशी, काच, पत्रा यांवर एकदा काठ टेकला की वरची सगळी दुपार वाया. मी चिंचेच्या ओंडक्याचा आडवा काप वापरतो, खाटकाकडे असतो तसा. त्यात धार तंतूंच्या मधून जाते. तो मिळाला नाही तर स्वयंपाकघरातला जाड प्लास्टिकचा पाट चालेल. फक्त भाजीचा वेगळा ठेवा.

प्रश्न : लाकडाच्या वखारीत गोल करवतीचं जुनं पातं फुकट मिळतंय. त्याची गोल सुरी करता येईल का? — चोपड्याचे एक वाचक

उत्तर : दातांवर वेगळ्या धातूच्या टिकल्या बसवलेल्या दिसल्या तर नको. त्या पात्याचं अंग मुद्दाम मवाळ ठेवलेलं असतं, कडक फक्त टिकली. दात अंगातूनच कापलेले असतील तर घ्या. ओल्या कापडात धरून, पाणी सोडत, सावकाश कापून घ्या, म्हणजे मूळचं पाणी टिकेल आणि लोहाराकडे जायची गरज पडणार नाही. कापलेल्या काठाला निळी झाक दिसली तर तेवढी कड घासून टाका. आणि वखारवाल्याकडून एकाऐवजी दोन पाती मागून घ्या. पहिलं बिघडतं.