नौदलातला माणूस घराला कितपत मिळतो?

तुम्ही विचारलंय: "नौदलातल्या मुलाशी माझं लग्न ठरतंय. वर्षातले कित्येक महिने तो समुद्रावर असेल. असा माणूस संसाराला कितपत मिळतो?"

दिवस मोजाल तर कमीच मिळतो, हे आधीच मनाशी धरून चला. माझे बाबा १९६७ मध्ये सोळाव्या वर्षी भरती झाले आणि १९८६ मध्ये निवृत्त होऊन गोव्यातल्या डिचोलीजवळच्या आमच्या गावी परतले. ते विमानांचे मेकॅनिक. दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर असले की महिन्यातून एक-दोनदा घरी यायचे. विमानं विक्रांत या विमानवाहू जहाजावर गेली की बाबाही जायचे आणि मग परतणार कधी, हे त्यांनाही ठाऊक नसायचं. धाकटा भाऊ झाला तेव्हा बाबांनी त्याला पाहिलं ते चौथ्या महिन्यात. सात चतुर्थींना ते घरी नव्हते. गणपतीवरची माटोळी, म्हणजे रानफळं-पानं बांधलेली लाकडी चौकट, शेजारचे काका येऊन बांधायचे. आई खालून कांगलां, सुपारीचे कातरे त्यांच्या हातात देत राहायची, एक शब्द बोलायची नाही. ती उणीव होती आणि ती पुढे भरून निघाली असं मी म्हणणार नाही.

पण घर त्यांच्या डोक्यातून कधी उतरलं नाही. जहाजावरच्या माणसाला पत्र 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' या पत्त्यावर जायचं, तिथून जहाज असेल तिथे. बाबांची पत्रं यायची तीही तीन-चार एकदम, उलटसुलट. म्हणून ते प्रत्येक आंतरदेशीय पत्राच्या कोपऱ्यात क्रमांक घालायचे. चौदावं आलं आणि तेरावं आलं नसलं, तर आई चौदावं फोडायची नाही, तांदळाच्या डब्यावर ठेवून द्यायची. आत काय, तर कौलं परतून घेतलीस का, रहाटाचा दोर बदलला का, थोरलीचे पाढे कुठवर आले. थोरली म्हणजे मी.

१९७१ च्या युद्धात बाबा वीस वर्षांचे होते, विक्रांतवर. तिथून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बझार, चितगाववर हल्ले केले. युद्धाचं विचारलं तर बाबा सांगतात ते मात्र डेक साफ करण्याचं. सगळे एका ओळीत खांद्याला खांदा लावून चालायचे आणि पडलेला स्क्रू, तारेचा तुकडा वेचायचे. एवढासा तुकडा इंजिनात गेला तर विमान जातं, आतली माणसं जातात. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात अलिझे उभं आहे. माझ्या मुलाला तिथे नेलं तेव्हा बाबा त्याच्या चाकाजवळ वाकून बराच वेळ बघत राहिले.

निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने कठीण गेले, हेही सांगते. त्यांनी आईच्या फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावले. आई दोन दिवस बोलली नाही. अकरा वर्षं एकटीने घर चालवलेल्या बाईला रोज घरात असणाऱ्या नवऱ्याची सवय व्हावी लागते. या काळाची तयारी तुम्हीही ठेवा.

बाबा किती घरचे आहेत, ते मला २०११ मध्ये कळलं. आईला अर्धांगवायूचा झटका आला. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. वहिनीचं बाळ लहान, म्हणून रात्रंदिवस उरलो बाबा, भाऊ आणि मी. पहिल्या संध्याकाळी बाबांनी कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता आखला. जहाजावर चार-चार तासांचे वॉच, म्हणजे पाळ्या असतात, पण संध्याकाळी चार ते आठचा वॉच तोडून दोन-दोन तासांचे दोन करतात, त्यांना डॉग वॉच म्हणतात. त्यामुळे दिवसाचे वॉच सहाऐवजी सात होतात. सहा असते तर तिघांत रात्री बारा ते चारची पाळी कायम एकाच्याच वाट्याला आली असती. सातामुळे ती रोज पुढे सरकते. बदली माणसाने दहा मिनिटं आधी यायचं आणि मागच्याने वहीत लिहिलेलं वाचून दाखवायचं: शेवटची कूस डावी, तीन वाजता पाणी चार चमचे, लघवी झाली.

साठीचा माणूस, पण एकही पाळी चुकवली नाही. मी एकदा म्हटलं, बाबा, बारा ते चार मी करते, तुम्ही झोपा. म्हणाले, "माझा वॉच आहे." एकदा मी आधीच उठले, तर ते आईच्या उशाशी बसून तिला विहिरीचं पाणी किती खाली गेलंय ते सांगत होते. आईला बोलता येत नव्हतं, पण डोळे त्यांच्याकडे होते. अशी तीन वर्षं गेली.

त्याच दिवसांत एक त्रास झाला, तो तुम्ही टाळा. आईचा जन्म पोर्तुगीज काळातला, दाखल्यावर नाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं, बाबांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये वेगळं. माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेचं कार्ड तेवढ्यावर अडलं, आणि अंथरुणावरच्या बाईच्या अंगठ्यासाठी आम्हाला एका कार्यालयात चार खेपा घालाव्या लागल्या. लग्न झालं की तुमचं नाव त्यांच्या रेकॉर्डमध्ये लगेच चढवायला सांगा आणि आधार, पासपोर्ट, लग्नाचा दाखला समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. ते समुद्रावर जाण्याआधी.