कोहळे म्हणजे लाल भोपळे नव्हेत

प्रश्न : माझं आडनाव कोहळे. घर नागपूरला, नोकरी पुण्याला. इथले मित्र विचारतात, "कोहळा म्हणजे तो पांढरा, पेठ्याचा ना?" आमच्या घरी तर लाल भोपळ्यालाच कोहळं म्हणतात. मग आडनाव नेमकं कोणत्या फळाचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कोहळेजी, मित्रांचं बरोबर आहे, आणि तुमच्या घरचंही खोटं नाही. मी स्वतः नागपूरच्या महाल भागात वाढले. बुधवार बाजारात 'कोहळं' मागितलं की लाल फोडच पिशवीत पडायची, आणि संध्याकाळी तिचे गूळ घालून बोंडं (गोड भजी) व्हायचे. पण नाव मुळात पांढऱ्याचं.

संस्कृतात तो कूष्मांड. 'ष्म'चा प्राकृतात ह झाला, 'ऊ'चा ओ. बाराव्या शतकात हेमचंद्रानं प्राकृत व्याकरण लिहिलं, त्यात 'कोहंडी' आणि 'कोहली' ही दोन्ही रूपं दिली आहेत. आपला कोहळा या दुसऱ्या रूपाच्या अगदी शेजारचा. हिंदीतला कुम्हडाही याच घरातला. लाल भोपळा मात्र मूळचा अमेरिकेतला. 1492 नंतर युरोपीय जहाजं तिकडे जाऊ लागली, त्यानंतरच तो इकडे आला. नव्या फळाला आपण वऱ्हाड-नागपूरकडे कोहळ्याचं नाव दिलं. पुण्याकडे भोपळ्याचं दिलं, तेही दुध्याकडून उसनं घेतलेलं!

पांढरा कोहळा आमच्याकडे नवरात्रात यायचा. पिकल्यावर त्याच्यावर राखेसारखी भुकटी धरते. मी तिच्यावर बोटानं नाव लिहायची. पुसलेली जागा हिरवीगार दिसायची. आजी अख्ख्या कोहळ्याला स्वतः कधी विळी लावत नसे. बाईनं लावायची नाही, असं ती मानायची. पहिला घाव भावाचा, मग पुढचं सगळं तिचं. भाऊ शाळेतून येईपर्यंत आम्ही ताटकळत बसायचो. मला ते तेव्हाही पटत नव्हतं.

आता आडनावाची घडण. पिंपळकर, जांभुळकर, बोरकर ही आडनावं झाडावरून थेट आलेली नाहीत. मध्ये त्या झाडाच्या नावाचं गाव आहे, 'कर' त्या गावाचा. कोहळे, मुळे, दोडके, भोपळे यांत गाव दिसत नाही. मुळा-मुळे, तसंच कोहळा-कोहळे. फळाचंच नाव आदरार्थी अनेकवचनात माणसाला लागलं.

'आवळा देऊन कोहळा काढणे' या म्हणीतला कोहळाही हाच पांढरा. तेव्हा घरी बोंडं खुशाल लाल कोहळ्याचेच करा, आडनाव पांढऱ्याचं.