‘यादृच्छिक’ म्हणजे मनमानी नव्हे

प्रश्न : औषधचाचणीच्या संमतिपत्रकात ‘रँडमाइज्ड’साठी, म्हणजे कोण कोणत्या गटात जाणार हे कोणाच्याही निवडीवर न सोडण्यासाठी, यादृच्छिक लिहावे की स्वैर? ‘लॉटरी पद्धतीने’ चालेल का?

उत्तर : स्वैर अजिबात नको. स्व + ईर, म्हणजे आपल्या मर्जीने हिंडणारा, स्वैराचार त्यातलाच. चाचणीत तर मर्जीच काढून टाकायची असते, डॉक्टरची आणि रुग्णाचीही.

यादृच्छिक हे ‘यदृच्छा’चे विशेषण. पुष्कळजण त्याची फोड यत् + इच्छा, ‘वाटेल तसे’, अशी करतात. तसे असते तर शब्द ‘यदिच्छा’ झाला असता. मधला ऋ आला कुठून? फोड आहे यद् + ऋच्छा, आणि ऋच्छ् म्हणजे जाणे, येऊन भिडणे. आपसूक समोर आले ते यदृच्छेने आले. गीतेतला ‘यदृच्छालाभसंतुष्ट’ (४.२२) मागे न लागता जे मिळेल त्यावर समाधानी असतो, हवे ते उचलणारा नसतो. संस्कृत कोशांत यदृच्छेचा ‘स्वेच्छा’ हाही अर्थ सापडतो, म्हणजे घोळ जुना आहे. संख्याशास्त्राच्या मराठीत मात्र आपसूकपणाचाच अर्थ रुळला.

मर्जी का काढायची, हे ब्रिटनमधल्या क्षयाच्या चाचणीवरून कळते. स्ट्रेप्टोमायसिन या तेव्हाच्या नव्या औषधाचा साठा तुटपुंजा होता. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती मिळाली. निष्कर्ष १९४८ साली छापून आले : सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ मृत्यू, दुसऱ्यात १४. गट ठरवण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक अंकांवरून क्रम लावून तो बंद पाकिटांत ठेवला होता, आणि रुग्ण चाचणीत घेतल्यावरच त्याचे पाकीट उघडायचे.

त्याआधी ‘एक सोडून एक’ ही पद्धत सर्रास चाले. दिसायला निःपक्षपाती, पण पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरला आधीच ठाऊक. मग जास्त खंगलेला रुग्ण ‘आज नको, उद्या या’ म्हणून परत पाठवला जातो आणि औषधाच्या गटात धडधाकट माणसे गोळा होतात. केसपेपरचा सम-विषम आकडा किंवा वार पाहून गट पाडले तरी हेच होते. चार-चारच्या ठरावीक तुकड्यांत समसमान वाटप केले आणि कोणाला काय मिळाले हे उघड असले, तर तिघांनंतर चौथ्याचा गट सांगता येतो. पातळ पाकीट दिव्यासमोर धरले की आतला कागद वाचता येतो, तो वेगळाच प्रकार.

यावरून आणखी एक बारकावा. यादृच्छिक असते ती विभागणी, चाचणी नव्हे. ‘यादृच्छिक चाचणी’ वाचून चाचणीच जमेल तशी उरकली असे वाटते. ‘यादृच्छिक विभागणी केलेली चाचणी’ लांबलचक आहे, पण बरोबर आहे. ‘यादृच्छिक नमुना’ याहून निराळा : तिथे लोकसंख्येतून माणसे निवडतात, इथे दाखल झालेल्यांचे गट पाडतात.

लॉटरी आणि सोडत दोन्ही टाळा. म्हाडाच्या सोडतीत घर लागते. तसे इथे नवे औषध ‘लागले’ असे वाटू लागते. ते जुन्यापेक्षा चांगले आहे की नाही हेच तर तपासायचे आहे. नाणेफेक दोनच गट आणि समान वाटप असेल तर जवळची, पण क्रिकेट पाहणाऱ्याच्या मनात नाणेफेक जिंकणारा निवड करतो!

शोधनिबंधात यादृच्छिक खुशाल लिहा. रुग्णाच्या पत्रकात मात्र एकच शब्द ठेवण्याचा हट्ट सोडून वाक्य लिहा. भारतातल्या २०१९च्या नियमांनुसार प्रत्येक उपचार मिळण्याची शक्यता पत्रकात सांगावीच लागते. तेव्हा असे :

‘तुम्ही कोणत्या गटात जाल हे तुमचे डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हालाही निवडता येणार नाही. संगणकाने काढलेल्या क्रमाने ते ठरेल. तुमच्यासारख्या ३ जणांपैकी साधारण २ जणांना नवे औषध मिळेल, एकाला सध्याचे.’

आकडे अर्थात त्या चाचणीचे घाला. ‘संगणकावरील यादीनुसार’ लिहू नका. आपले नाव यादीत आधीच आहे असा समज होतो. मसुदा झाला की मूळ मजकूर न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर, म्हणजे मराठीतून परत मूळ भाषेत, करून घ्या. ‘डॉक्टरांच्या इच्छेनुसार’ असे काही परत आले, तर शब्द कुठे घसरला ते लगेच दिसेल.