आधी नमुन्यांच्या तारखा बघ

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

अँड्रॉइड मालवेअरवर, म्हणजे फोनला घातक ॲप्सवर, पीएचडी करायची ठरवलीस, याचा फार आनंद झाला. तुझ्या आराखड्याच्या पहिल्याच पानावर डीप लर्निंगचं मॉडेल आहे. ते तूर्त बाजूला ठेव. या विषयातलं काम फसतं ते बहुतेक वेळा डेटासेटमुळे, म्हणजे गोळा केलेल्या ॲप-नमुन्यांमुळे.

नमुने सरमिसळ करून ८० टक्के ट्रेनिंगला आणि २० टक्के टेस्टिंगला, ही वाटणी टाळ. तशी केलीस तर मॉडेल २०२३ चं मालवेअर शिकून २०२१ चं ओळखणार. शिवाय एकाच फॅमिलीतले (एकाच मूळ मालवेअरपासून निघालेले) जवळजवळ सारखे नमुने दोन्हीकडे जातात, अचूकतेचा आकडा ९९ टक्क्यांवर चढतो आणि रिव्ह्यूअर तिथेच पेपर परत पाठवतो. २०१९ च्या यूझनिक्स सिक्युरिटी परिषदेतला 'टेसरॅक्ट' हा पेपर नीट वाच. एक तारीख ठरव, तिच्याआधीचे नमुने शिकवायला घे, नंतरचे तपासायला, आणि निकाल महिन्यागणिक मांड. आकडे घसरतील. ती घसरण का झाली, हे शोधणं हाच तुझा प्रबंध होऊ शकतो.

पण तारीख कुठली धरायची? अँड्रोझू या संशोधनासाठीच्या ॲप-संग्रहाच्या यादीत डेक्स तारखेचा (ॲपमधल्या कोडच्या फाइलवरच्या तारखेचा) रकाना आहे. त्यात प्ले स्टोअरच्या बहुतेक ॲप्ससमोर १९८० दिसेल, कारण ॲपची फाइल ज्या झिप फॉरमॅटमध्ये असते त्याची दिनदर्शिकाच १९८० पासून सुरू होते आणि ॲप बिल्ड करताना खरी वेळ पुसली जाते. म्हणून ॲप व्हायरसटोटलवर (अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून फाइल तपासणाऱ्या सेवेवर) पहिल्यांदा कधी आलं, ती तारीख घे.

ॲप मालवेअर की निर्दोष, ही लेबलंही स्थिर नसतात. आज दोन इंजिनांनी पकडलेलं ॲप काही आठवड्यांनी पंधरा इंजिनं पकडतात. किती इंजिनांच्या वर मालवेअर मानलंस आणि स्कॅन कधीचा, दोन्ही लिहून ठेव. टेसरॅक्टमध्ये शून्य इंजिनांनी पकडलं म्हणजे निर्दोष, चार किंवा अधिक इंजिनांनी पकडलं म्हणजे मालवेअर, आणि मधले वगळले आहेत. मधले वगळले की प्रश्न सोपा होतो, हेही पेपरात स्पष्ट लिही.

निव्वळ ॲक्युरसी देऊ नकोस. १०,००० ॲप्समध्ये १०० वाईट असली आणि फॉल्स पॉझिटिव्हचा (निर्दोष ॲपला मालवेअर ठरवण्याचा) दर १ टक्का असला, तरी ९९ निर्दोष ॲप्सवर आळ येतो, म्हणजे पकडलेल्यांतली जवळपास निम्मी निर्दोष. प्रिसिजन (पकडलेल्यांत खरोखर वाईट किती) आणि रिकॉल (वाईटांपैकी पकडली किती) वेगवेगळे दे.

नमुने स्वतःच्या फोनवर कधीही चालवू नकोस. एम्युलेटर (संगणकावरचा आभासी फोन) वेगळ्या मशीनवर, बाहेरचं नेटवर्क बंद, आणि प्रत्येक नमुन्यानंतर स्वच्छ स्नॅपशॉटवर, म्हणजे आधी जतन केलेल्या स्थितीवर, परत.

अँड्रोझूसाठी संस्थेच्या ईमेलवरून अर्ज करावा लागतो. तो याच आठवड्यात कर, आणि परवानगी आली की आधी फक्त यादी उतरवून वर्षावार नमुने मोजून मला पाठव.