सेंट्रल पार्क: एकटीनं, आणि वरून खाली

मुलीकडे न्यू जर्सीत एडिसनला आले आहे. मुलगी-जावई कामावर गेले की दिवस रिकामा. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क एकटीनं एका दिवसात बघून होईल का? सुरुवात कुठून करू?

होईल, फक्त सुरुवात उत्तरेकडून करा. पार्क ५९व्या स्ट्रीटपासून ११०व्या स्ट्रीटपर्यंत आहे. लांबी ४ किलोमीटर, रुंदी जेमतेम ८०० मीटर, क्षेत्रफळ ८४३ एकर. सरळ चाललं तर तासाभरात संपेल, पण इथली वाट सरळ नाही. वळणावळणानं ८-९ किलोमीटर होतात, म्हणून बसण्या-खाण्यासकट ५ ते ६ तास धरा. बहुतेक पाहुणे ५९व्या स्ट्रीटवरून आत शिरतात, ७२व्यापर्यंत फोटो काढून दमतात आणि परत फिरतात. उत्तरेकडचा निवांत भाग राहतो तो राहतोच.

एडिसनहून रेल्वेनं न्यूयॉर्क पेन स्टेशनला या. तिथल्या ३४व्या स्ट्रीटच्या सबवे स्टेशनवर 'अपटाउन' बाजूची २ किंवा ३ नंबरची गाडी घ्या आणि 'सेंट्रल पार्क नॉर्थ-११०वी स्ट्रीट'ला उतरा. हमखास चूक इथेच होते. ११०वी स्ट्रीट नावात असलेली स्टेशनं चार आहेत. १ नंबरची गाडी ब्रॉडवेवरच्या स्टेशनला जाते, आणि तिथून पार्क बरंच पूर्वेला राहतं. पेन स्टेशनवर २ आणि ३ मधल्या फलाटावर येतात, १ कडेच्या. आकडा बघूनच चढा. तिकिटासाठी रांग नाही, बँकेचं कार्ड गेटवर टेकवलं की झालं. कार्ड भारतातलं असेल तर परदेशी व्यवहार आणि टेकवून पैसे देण्याची सोय आधी ॲपमधून चालू करून घ्या. नाहीतर गेट उघडत नाही आणि मागे माणसं तुंबतात.

वर आलात की समोरच हार्लेम मीर हे तळं. त्याच्या काठानं पूर्वेला, १०५व्या स्ट्रीटपाशी कॉन्झर्व्हेटरी गार्डन. हे सकाळी ८ला उघडतं आणि इथे सायकल नाही, मोठ्यानं गाणी नाहीत. एप्रिलअखेर ट्यूलिप, ऑक्टोबरच्या शेवटी शेवंती. आपल्या शेवंतीच्या वेण्या डोळ्यांसमोर आल्या तरी इथे फूल तोडायचं नाही. तिथून परत मीरच्या नैर्ऋत्य कोपऱ्याशी येऊन हडलस्टन आर्चखालून आत शिरा. ही कमान चुन्या-सिमेंटशिवाय नुसते अवाढव्य दगड एकमेकांवर रेटून उभी केलेली आहे. खाली उभं राहून वर पाहिलं की सांधे उघडे दिसतात. पलीकडे ओढा, लहान लहान धबधबे आणि दाट झाडी. गाड्यांचा आवाज जवळजवळ बंद होतो.

मग दक्षिणेला रिझर्व्हॉयर या मोठ्या जलाशयाच्या काठानं, बेल्व्हेडियर किल्ल्यावरून, रॅम्बलच्या झाडीतून बो ब्रिजवर आणि तिथून बेथेस्डा टेरेसला या. टेरेसवर सगळे कारंज्याकडे धावतात. तुम्ही आधी जिन्याखालच्या दालनात जाऊन मान वर करा. छताला इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या १५ हजारांहून जास्त रंगीत फरशा आहेत. जमिनीवर घालायच्या फरशा इथे छताला टांगल्या आहेत, आणि नक्षी वरून रंगवलेली नाही, वेगवेगळ्या रंगांची माती भरून भाजलेली आहे. वरून पाणी झिरपून आधाराचं लोखंड गंजलं, तेव्हा १९८०च्या दशकात त्या उतरवून ठेवाव्या लागल्या. दुरुस्त होऊन परत चढल्या २००७ मध्ये.

रॅम्बलमध्ये वाट चुकते असं ऐकलं. मोबाईलचा नकाशाही गोंधळतो म्हणे. मग काय करायचं?

वाट चुकते, कारण ती चुकावी अशीच आखली आहे. झाडी आणि कातळामुळे दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. अशा वेळी दिव्याचा खांब शोधा. प्रत्येक खांबावर धातूची छोटी पट्टी आणि आकडे असतात. पहिले दोन किंवा तीन आकडे म्हणजे जवळची स्ट्रीट. शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही पूर्वेच्या, म्हणजे फिफ्थ ॲव्हेन्यूच्या बाजूला, विषम असेल तर पश्चिमेच्या. ७४०२ म्हणजे ७४वी स्ट्रीट, पूर्व बाजू. दोन खांब पाहिले की दिशाही कळते, कारण आकडे कमी होत असतील तर तुम्ही दक्षिणेला चालला आहात. घरच्यांशी फोनवर बोलतानाही 'एका झाडाखाली उभी आहे' म्हणण्यापेक्षा हा आकडा सांगा.

गुडघे दुखतात. मधेच सोडून द्यावंसं वाटलं तर? आणि स्वच्छतागृहाचं काय?

रुंदी ८०० मीटर, म्हणजे कुठेही असलात तरी बाहेरचा रस्ता फार दूर नाही. पश्चिमेला निघालात तर सेंट्रल पार्क वेस्टवर एम१० बस दक्षिणेला कोलंबस सर्कलला सोडते. पूर्वेला फिफ्थ ॲव्हेन्यूवर एम१ ते एम४ दक्षिणेलाच जातात, कारण तो रस्ता एकदिशा आहे. उत्तरेला परत जायचं असेल तर एक रस्ता पलीकडे, मॅडिसनवर जावं लागतं. गुडघ्यांसाठी ओढ्याचा भाग आणि बेल्व्हेडियर गाळा. रिझर्व्हॉयरभोवतीची वाट सपाट आणि बारीक खडीची आहे, एक फेरी साधारण अडीच किलोमीटर. तिथे घड्याळाच्या उलट दिशेनंच चालायचं, नाहीतर पळणारे अंगावर येतात.

स्वच्छतागृहं मीरच्या काठच्या डॅना सेंटरला, ९७व्या स्ट्रीटजवळ नॉर्थ मेडो रिक्रिएशन सेंटरला आणि बेथेस्डा टेरेसला आहेत. समोर आलं की गरज नसली तरी जाऊन या. पाण्याची बाटली भरायला नळ आहेत, पण हिवाळ्यात ते बंद असतात. डबा खुशाल न्या, तिखटमिठाच्या पुऱ्या इथे उत्तम टिकतात. बसायला मात्र सुती चादर घ्या. प्लास्टिकची चटई हिरवळीवर चालत नाही, खालचं गवत गुदमरतं. लाल झेंडा दिसला तर ती हिरवळ बंद.

पार्कमध्ये मोटारी नाहीत ना? मग रस्ता ओलांडायची भीती नको?

मोटारी २०१८ पासून बंद आहेत, पण सायकली आहेत, आणि विजेवरच्या सायकलींचा आवाज येत नाही. मोठा गोल रस्ता घड्याळाच्या उलट दिशेनं एकदिशा आहे. त्यामुळे पूर्वेकडून आत या किंवा पश्चिमेकडून, वाहनं तुमच्या डावीकडून येतात. बाहेर पडताना उजवीकडून. आपली मान सवयीनं आधी उजवीकडे वळते, म्हणून आत येतानाच घात होतो.

सायकलरिक्षा घ्यावी का?

घ्यायचीच तर बसण्याआधी दराचा फलक वाचा. दर मिनिटाचा असतो, आणि पाटीवरचा छोटा आकडा बघून लोक तो अख्ख्या फेरीचा समजतात. मिनिटाला ५ डॉलर असतील तर ४० मिनिटांचे २०० झाले. बसताना मोबाईलवर घड्याळ लावा, तेही रिक्षावाल्याला दिसेल असं.

संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबावं?

पार्क पहाटे ६ ते रात्री १ उघडं असतं, पण ती वेळ तुमच्यासाठी नाही. रॅम्बल आणि उत्तरेची झाडी अंधारापूर्वी मागे टाका. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा साडेतीनला टेरेसला पोचलेलं बरं. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, मात्र परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा.