प्रिंटरचं कार्ट्रिज रिफिल करावं, कंपॅटिबल (दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) घ्यावं की ओरिजिनल?

रिफिल करा. ‘रिफिलने प्रिंटर बाद होतो’ असं सांगणाऱ्यांनी बहुधा कार्ट्रिज कधी उघडून पाहिलेलं नसतं.

माझं तहसील कचेरीसमोर झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. प्रिंटर कॅनन २९००, लेझर; त्याला १२ए कार्ट्रिज चालतं. जून-जुलैत दाखल्यांची गर्दी असते. आमचे दाजी एका कंपनीत खरेदी विभागात आहेत, त्यांना सगळं ओरिजिनलच लागतं. एकदा ते दुकानात बसलेले असताना एका प्रतिज्ञापत्रावर काळा ठिपका उमटला, जरा खाली पुन्हा तसाच. गिऱ्हाइकासमोर म्हणाले, “बघा, रिफिलचा प्रताप!” मी पट्टी लावली. दोन ठिपक्यांत साडेसात सेंटिमीटर, म्हणजे नेमका १२एच्या ड्रमचा, कागदावर पावडर उमटवणाऱ्या रुळाचा, घेर. ओरखडा ड्रमवर होता, पावडरीचा काय संबंध? रिफिलवाल्या पोराने ड्रम आणि तो पुसणारं वायपर ब्लेड बदललं, वेस्ट टोनर म्हणजे साचलेली वाया गेलेली पावडर झाडून काढली, काम सुरू.

दाजींना पटलं नाहीच. शहरातून सीलबंद ‘ओरिजिनल’ घेऊन आले, तेही बाजारभावापेक्षा बरंच स्वस्तात. काही दिवसांतच प्रिंट फिकी. त्याच पोराने कार्ट्रिज उघडताना उपसाव्या लागतात त्या बाजूच्या पिना दाखवल्या, त्यांवर पकडीचे ओरखडे. कारखान्यातून आलेल्या नव्या मालाच्या पिना कोण कशाला उपसेल? तेही रिफिलच होतं, फक्त खोक्यात घालून कितीतरी जास्त भावाने विकलेलं. रिकामी ओरिजिनल कार्ट्रिजं खोक्यासकट विकत घेणारे का फिरतात, हे मी दाजींना अजून समजावतोय.

खरं ओरिजिनल १२ए कंपनीच्याच हिशेबाने सुमारे २००० पानं देतं, तेही पानाचा ५ टक्के भागच काळा होत असेल तर. त्या एका ओरिजिनलच्या पैशांत आमच्याकडे दहा तरी रिफिल होतात. कंपॅटिबल मी एवढ्यासाठीच घेतो की जुन्याचा सांगाडाच खिळखिळा झालेला असतो. मग तेच भरत राहायचं.

हां, हे सगळं लेझरचं झालं. तुमचा इंकजेट असेल आणि हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, कार्ट्रिजलाच असेल, तर शाई पूर्ण संपायच्या आधी भरा, कोरडं पडलं की हेड गेलंच. महिन्याला चार पानं छापणाऱ्याने इंकजेट घेऊच नये, हे माझं मत. चिपवाल्या कार्ट्रिजला चिपही बदलावी लागते, आणि फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं तर प्रिंटर अडून बसू शकतो, तेव्हा ते अपडेट बंद ठेवा. प्रिंटर वॉरंटीत असेल तर तेवढे दिवस ओरिजिनलच वापरा, नाहीतर दुरुस्तीवाल्याला हात वर करायला निमित्त मिळतं. पावडर अंगावर सांडली तर गार पाणी वापरा, गरम पाण्याने ती कपड्यात बसते.

ओरिजिनल घ्यायचंच असेल तर पक्कं बिल घ्या, आणि संपल्यावर खोकं फाडून टाका. बाकी कंपनीच्या पैशाने खरेदी करणाऱ्याला ओरिजिनल परवडतं, हे मी दाजींना तोंडावर सांगितलंय.